घर राहणाऱ्याला विचारून बांधा

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



दिवस वैशाखाचे आहेत. ऊन कलले म्हणून आपण या लिंबाखाली जमलो आहोत. तासाभरापूर्वी इथे कुणी आले नसते. घरात बसवत नाही आणि बाहेर पडवत नाही, अशी या दिवसांत आपली गत होते.

म्हणून आज आम्ही घराविषयी बोलणार आहोत. वीज फार न जाळता घर उन्हाळ्यात थंड आणि थंडीत उबदार कसे राहील, हा प्रश्न इंजिनिअरचा वाटतो. पण त्याचे निम्मे उत्तर तुमच्याजवळच असते. ते कसे, ते पाहू.

आधी आमची एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावात आम्ही बायकांच्या वर्गासाठी खोली बांधली. जागा गावाने दिली. पैसे आम्ही जमवले. नकाशाही आम्हीच काढला. चार पक्क्या भिंती, वर पत्रा, आणि पश्चिमेला मोठे दार. रस्ता तिकडे, म्हणून दारही तिकडे. खिडक्या चांगल्या उंच बसवल्या. रस्त्यावरून आतल्या बाया दिसू नयेत, हा आमचा विचार. खोली दिसायला झकास झाली. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि आम्ही खुशीत घरी परतलो.

वर्ग दुपारी दोन ते चार भरे. बायकांना तेवढीच वेळ मोकळी. माघात वर्गात सव्वीस बाया होत्या. चैत्रात नऊ उरल्या. वैशाखात चार. आम्ही म्हणालो, यांना शिकण्याची गोडीच नाही. तसे वहीत लिहूनही टाकले.

त्या चौघींत एक आजी होती. ती एक दिवस म्हणाली, "गुरुजी, तुमी खुर्चीवर बसता. जरा खाली येऊन आमच्यापाशी बसा की."

आम्ही खाली बसलो. पाच मिनिटांत घामाने भिजलो. खुर्चीवर बसल्यावर खिडकीतला वारा तोंडावर येत होता. खाली बसल्यावर तो डोक्यावरून निघून जात होता. वरून पत्रा तापला होता. दारातून ऊन थेट पाटीवर येत होते. आजी म्हणाली, "आता सांगा, अक्षर गिरवावं का जीव सांभाळावा?"

मंडळी, आमची मान खाली गेली. बायांना शिकण्याची गोडी नव्हती असे नव्हे. आम्ही खोली बांधली ती खुर्चीवर बसणाऱ्यासाठी. बसायच्या होत्या जमिनीवर बसणाऱ्या बाया. त्यांना आम्ही एका शब्दाने विचारले नव्हते.

मग आम्ही विचारले. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. पश्चिमेचे ऊन अडवा. वारा खाली आणा. पत्र्याची आच कमी करा. आणि लेकरे निजतील अशी सावलीची जागा द्या, पण ती आमच्या नजरेसमोर असू द्या. ही चौथी गोष्ट आमच्या स्वप्नातही आली नव्हती.

त्याप्रमाणे केले. दारापुढे पडवी काढली. तिच्या पश्चिम बाजूला बांबूच्या तट्ट्या लावल्या. लेकरे तिथे निजू लागली. भिंतीत खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, विटा सोडून सोडून जाळी केली. अशा जाळीतून वारा येतो, उजेड येतो, पण उन्हातून जाणाऱ्याला आतले दिसत नाही. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला. आतून पत्र्याखाली वीतभर जागा सोडून तट्ट्यांचे आढे बांधले. त्या मोकळ्या जागेतली तापलेली हवा निघून जावी म्हणून दोन्ही टोकांना भोके ठेवली.

खोली थंडगार झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण बसवू लागले. पुढच्या वैशाखात एकवीस बाया वर्गाला आल्या.

विटांच्या जाळीची युक्ती आमची नव्हे. जुन्या लोकांना ती ठाऊक होतीच. केरळात लॉरी बेकर नावाचे मोठे घरबांधकार होऊन गेले. त्यांचा जन्म १९१७ साली इंग्लंडात झाला. ते भारतात आले आणि इथलेच झाले. २००७ साली केरळातच वारले. त्यांनी गरिबांची घरे बांधली आणि अशा जाळ्या पुष्कळ वापरल्या. जवळपास मिळणारी माती, वीट, चुना, कौल घ्यावे, खर्च कमी करावा, आणि घर राहणाऱ्याच्या गरजेप्रमाणे करावे, अशी त्यांची रीत होती.

आता ऊन आपल्या घरात येते कसे, ते पाहू.

यासाठी एक सोपा खेळ आहे. अंगणात सपाट जागी एक सरळ काठी रोवा. भर दुपारी तिची सावली पाहा. पौषात सावली उत्तरेला पडते आणि जवळजवळ काठीइतकी लांब असते. म्हणजे सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. मे महिन्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी काठीला सावलीच नसते. सूर्य अगदी डोक्यावर येतो. कोल्हापूर-सोलापूरकडे हा दिवस आधी येतो, नागपूरकडे काही दिवसांनी येतो.

या काठीने आपल्याला तीन गोष्टी शिकवल्या.

पहिली गोष्ट. उन्हाळ्यात ऊन डोक्यावर असते. म्हणून सर्वांत जास्त तापते ते छप्पर. भिंतीवर पैसा घालून छपराकडे दुर्लक्ष करणे म्हणजे पायात जोडा घालून डोक्याने उघडे फिरणे.

दुसरी गोष्ट. दक्षिणेच्या भिंतीची फार काळजी नको. उन्हाळ्यात सूर्य उंच असतो, म्हणून तिकडच्या खिडकीवर दीड-दोन फुटांची वळचण आली की सावली होते. थंडीत सूर्य खाली असतो. तेव्हा तेच ऊन वळचणीखालून आत येते आणि घर उबवते. म्हाताऱ्या माणसाला पौषात तिथे बसायला बरे वाटते. एकच वळचण उन्हाळ्यात छत्री होते आणि हिवाळ्यात वाट देते. तिला वीज लागत नाही.

तिसरी गोष्ट. वाईट ऊन पश्चिमेचे. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरतो आणि तिरपा आत शिरतो. त्याला वळचण अडवू शकत नाही. तिकडे पडवी हवी, तट्टी हवी, नाहीतर झाड हवे. लिंब लावा, शेवगा लावा. मात्र वड-पिंपळ भिंतीजवळ नको. त्यांची मुळे घर फोडतात. आणि झाड लावायला घर पुरे होण्याची वाट पाहू नका. घर सहा महिन्यांत होते, सावलीला वर्षे लागतात.

आता भिंती आणि छपराकडे वळू.

फूटभर जाडीची मातीची किंवा विटांची भिंत तापते, पण सावकाश. बाहेरची उष्णता आत पोचायला आठ-दहा तास लागतात. दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र पडते. तेव्हा खिडक्या उघड्या ठेवल्या की गार वारा ती उष्णता घेऊन जातो. पत्र्याचे तसे नाही. तो लगेच तापतो आणि लगेच आत आग ओकतो. रात्री मात्र लवकर निवतो.

सिमेंटचा स्लॅब या दोहोंच्या मधला. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी ते खाली सोडू लागतो. नेमके माणसे कामावरून घरी येतात तेव्हा! म्हणून स्लॅबच्या घरातली माणसे रात्री अंथरूण घेऊन गच्चीवर जातात. पैसा खर्चून घर बांधायचे आणि निजायला घराबाहेर जायचे, असा हा प्रकार.

यावर स्वस्त उपाय आहे. छप्पर पांढरे करा. काळी घोंगडी आणि पांढरे धोतर उन्हात वाळत घाला आणि थोड्या वेळाने दोन्हींना हात लावून पाहा. घोंगडी चटका देते. पांढरा रंग ऊन परत फेकतो. स्लॅबवर चुन्याचे दोन-तीन हात द्या. पावसाने चुना धुपतो, म्हणून दर फाल्गुनात पुन्हा द्या. पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे पांढरा रंग लावतात. चुना भिजवताना उकळतो आणि उडतो. डोळ्यांना जपा, लेकरांना दूर ठेवा.

हे काम हौसेचे नाही. २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात त्या शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर २०१३ साली तिथल्या महानगरपालिकेने उन्हाळ्यापासून बचावाचा आराखडा केला. पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. ऊन शेतात मारते तसे ते घरातही मारते. म्हातारी माणसे, तान्ही मुले, अंथरुणाला खिळलेली माणसे घरातच असतात. रात्रीही घर निवले नाही तर त्यांच्या जिवाला विसावा मिळत नाही.

आता इथे कुणी म्हणेल, "गुरुजी, मग आमची जुनी माळवदे काय वाईट होती? उन्हाळ्यात कशी गार असायची!"

खरे आहे. माळवदाचे घर गार असे. दोन-दोन, तीन-तीन फुटांच्या दगडी भिंती, लाकडी कड्या-तुळया, आणि वर फूट-दोन फूट पांढरी माती. ऊन आत यायचे तरी कुठून? पण त्या घरांची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक निजले होते. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत धरणी हादरली. किल्लारी आणि आजूबाजूची गावे क्षणात जमीनदोस्त झाली. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. भूकंपाने जितकी मारली, तितकीच घरांनी मारली. भिंती मातीत रचलेल्या गोल दगडांच्या होत्या. भिंतीचा आतला पदर वेगळा, बाहेरचा पदर वेगळा, आणि मध्ये भर. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच पदर सुटले आणि वरची शेकडो मण माती निजलेल्या माणसांवर आली.

त्यानंतर लोकांनी दगड-मातीची धास्ती घेतली. ती साहजिकच होती. तिथली बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. आजही कितीतरी लोक म्हणतात, "पत्रा तापतो, पण अंगावर पडला तरी माणूस वाचतो." ज्याच्या घरातली माणसे गेली, त्याला आम्ही "माती गार असते" असे सांगायला जाणार नाही. त्याची भीतीही त्याची गरजच आहे. घर बांधताना तिलाही विचारले पाहिजे.

पण गार घर आणि मजबूत घर यांचे वैर नाही. भिंत जाड ठेवा, पण तिच्यात दर दोन-तीन फुटांवर आरपार जाणारा लांब दगड घाला. कोपरे एकमेकांत गुंतवा. दारे-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग सिमेंट आणि सळयांचा पट्टा फिरवा. कमरेला करदोडा असतो, तसा तो पट्टा चारही भिंतींना धरून ठेवतो. आणि छप्पर हलके ठेवा. कौल घाला, नाहीतर पांढरा पत्रा आणि खाली तट्टी. थंडावा भिंतीकडून घ्या, मातीचे ओझे डोक्यावर नको. हे काम जाणत्या गवंड्याकडून किंवा इंजिनिअरला दाखवून करून घ्या.

जुने तेवढे सोने नव्हे आणि नवे तेवढे पितळ नव्हे. दोन्ही पारखून घ्यावे.

आता वारा. वाऱ्याला यायला एक वाट लागते आणि जायला दुसरी. एकच खिडकी असेल तर वारा दारात आलेल्या पाहुण्यासारखा उंबऱ्यावरच थांबतो. समोरासमोर खिडक्या ठेवा. आत येणारी वाट खाली ठेवा, माणूस जिथे बसतो-निजतो तिथे. बाहेर जाणारी वाट वर ठेवा, कारण तापलेली हवा वर चढते.

आपल्या कोरड्या मुलखात आणखी एक रीत पाळा. उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहाला खिडक्या लावून घ्या. बाहेरची झळ आत येऊ देऊ नका. दिवस मावळला की सगळ्या उघडा. पुष्कळ घरांत याच्या उलट चालते. दुपारी सताड उघडे आणि रात्री कडेकोट बंद. चोराचे भय असेल तर खिडकीला गज बसवा, डासांचे असेल तर जाळी लावा, पण वारा अडवू नका. कोकणातली गोष्ट निराळी. तिथे हवा दमट. तिथे दिवसाही वारा खेळता हवा. म्हणून कोकणातल्या घराचे छप्पर उतरते, वळचण लांब आणि पडवी मोठी. एकाच्या गावचे घर उचलून दुसऱ्याच्या गावी ठेवता येत नाही.

आणि आता मुख्य गोष्ट सांगतो.

ऊन आणि वारा ही दोन माणसे नकाशा काढायला आपल्याबरोबर बसलीच पाहिजेत. पण तिसरे माणूस असते घरात राहणारे. त्यालाच आपण विसरतो. घर बांधताना घरधनी बसतो, गवंडी बसतो, भावकी बसते. चर्चा होते ती दर्शनी भिंतीची. रस्त्यावरून घर कसे दिसेल? अहो, रस्त्यावरून जाणारा क्षणभर पाहतो. आत राहणारी जन्मभर राहते.

घरात सर्वांत जास्त वेळ कोण असते? घरची बाई. आणि ती सर्वांत जास्त वेळ कुठे असते? चुलीपाशी. मग घरातली सर्वांत अंधारी, कोंदट जागा चुलीला का? धुराने डोळे जातात, छाती भरते. पाठीवर लेकरू असते, त्याच्याही छातीत धूर जातो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. म्हणून स्वयंपाकघर पूर्वेच्या अंगाला ठेवा. धूर घरात न फिरता बाहेर जाईल. सकाळचा उजेड मिळेल आणि दुपारचे पश्चिमेचे ऊनही चुकेल. चुलीच्या वर धुराडे ठेवा आणि समोर खाली एक खिडकी. आता गॅस आला असला तरी ही हवा हवीच. तट्टी मात्र चुलीपासून दूर असू द्या. आग लागायला एक ठिणगी पुरते.

मग आजीला विचारा, "दुपारी तू कुठे पडतेस?" तिची जागा पश्चिमेच्या भिंतीला नको. शाळेत जाणाऱ्या पोराला विचारा, "तू वाचायला कुठे बसतोस?" त्याला दिवसाउजेडी दिवा लावावा लागू नये. बाळंतिणीला विचारा. गुरांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीने तुम्ही बोला. धान्य कुठे ठेवायचे ते विचारा, कारण त्याला वारा हवा पण ओल नको. असे विचारत गेलात की नकाशा आपोआप निघतो.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापूंची कुटी आहे. गांधीजी १९३६ साली तिथे, तेव्हाच्या सेगावात, राहायला गेले. कुटी मीराबहनने उभी केली. माती, बांबू, लाकूड आणि कौले, सारे जवळपासचे. भोवती पडव्या. वर्ध्याचा उन्हाळा किती कडक, हे तुम्हाला सांगायला नको. देशाची मोठमोठी माणसे तिथे येऊन जमिनीवर बसून बोलून गेली. ती कुटी आजही उभी आहे. कधी तिकडे गेलात तर जरूर पाहा. पण हेही लक्षात ठेवा की मातीचे घर दरसाल डागडुजी मागते. सारवण, लिंपण, कौले चाळणे, हे चुकले की घर बसते. ज्याला ते जमणार नाही, त्याने विटांची भिंत घालावी. इथेही आपली गरज पाहूनच ठरवावे.

तुमच्यापैकी काहींना घरकुल मिळाले असेल, काहींना मिळायचे असेल. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घराची जागा स्वयंपाकघर धरून कमीत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, ठरवली गेली. आणि घर ज्याचे त्याने स्वतः बांधावे, किंवा आपल्या देखरेखीखाली बांधून घ्यावे, असे ठेवले गेले. याचा अर्थ समजला का? दार कुठे, खिडकी कुठे, चूल कुठे, हे तुम्ही ठरवू शकता. शेजाऱ्याने केले तसेच केले पाहिजे असे नाही. २७० फूट म्हणजे फार जागा नव्हे. म्हणूनच ती वाया जाता कामा नये. खिडकी पश्चिमेऐवजी उत्तरेला ठेवायला जादा पैसा पडत नाही. पाया खणण्याआधी फुकट होणारी गोष्ट भिंत उभी राहिल्यावर हजारांत जाते. आमच्या वर्गाच्या खोलीची भिंत आम्हाला पुन्हा फोडावी लागली, म्हणून हे अनुभवाने सांगतो.

ज्यांची घरे बांधून झाली आहेत, त्यांनी हिरमुसू नये. छप्पर पांढरे करता येते. पश्चिमेला तट्टी लावता येते. झाड लावता येते. धुराडे काढता येते. एका वेळी एक काम करा.

शेवटी तुम्हाला एक काम सांगतो. तुम्ही आता लिहायला शिकलात. आज घरी गेल्यावर वहीचे एक कोरे पान घ्या. वर लिहा : आमचे घर. खाली घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव लिहा. नावापुढे लिहा, दुपारी तो कुठे बसतो, रात्री कुठे निजतो, आणि त्याला काय त्रास होतो. हे मनाने लिहू नका. प्रत्येकाला विचारा. आणि विचारताना त्याच्या जागेवर पाच मिनिटे बसा.

त्या आजीने आम्हाला खाली बसवले, म्हणून आम्हाला दिसले. वर्ग घेणारे आम्ही होतो, पण त्या दिवशी धडा तिने दिला. तोच आम्ही तुमच्या हाती देत आहोत.

पान भरले की पुढच्या आठवड्यात घेऊन या. आपण इथेच, या लिंबाखाली बसून ते वाचू.